काटा काय सांगतो, काय सांगत नाही

वाचकहो, मी मूळचा मांजरसुंब्याचा. बीडहून घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आले की आमचे गाव लागते. सोलापूर-धुळे महामार्ग आणि अहिल्यानगरकडून पाटोद्यावरून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. फाट्यावर रात्रंदिवस वर्दळ असते, आणि वर्दळ म्हटली की अपघातही आलेच.

माझा पेशा भूलतज्ज्ञाचा. भूलशास्त्र शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांना मी पहिला धडा देतो तो औषधांचा नव्हे, काट्यांचा. तोच धडा आज या सदरात सर्वांसाठी देत आहे. २०२१ च्या कोरोना लाटेत प्राणवायूचे सिलिंडर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरात पोहोचले. वस्तू आल्या, आकडेही आले. पण आकडा वाचावा कसा, हे शिकायचे राहून गेले.

धड्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. कोणताही काटा एकच गोष्ट सांगतो, बाकीच्या गोष्टींबद्दल तो गप्प असतो. तो कशाबद्दल गप्प आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्या हातात रुग्ण सुरक्षित.

पहिला काटा : सिलिंडरचा

१९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. फाट्याजवळ अपघात झाला होता. पंचविशीचा एक तरुण, डोक्याला जबर मार लागलेला. एका लहान दवाखान्यात त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून श्वास चालू ठेवला होता. त्याला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवायचे ठरले. रुग्णवाहिका म्हणजे एक जुनी जीप. तिच्यात प्राणवायूचे एक सिलिंडर होते आणि त्याचा काटा निम्म्यावर होता. 'निम्मे आहे, पुरेल,' असे म्हणून आम्ही निघालो. मी स्वतः पिशवी दाबत बसलो होतो. नेकनूर गेले, केज गेले. केज सोडून थोडे पुढे आलो आणि फ्लोमीटरमधला गोळा हळूहळू खाली बसला. सिलिंडर संपले होते.

चालक मागे वळून म्हणाला, "सायेब, काटा तर निम्म्यावर व्हता की!"

पुढचा सगळा रस्ता मी साध्या हवेवर पिशवी दाबत काढला. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. त्या तरुणाची नखे निळसर पडत गेली ती मी बॅटरीच्या उजेडात पाहत होतो. त्याचे दैव बलवत्तर, तो वाचला. पण त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा नव्हता. निघण्यापूर्वी एक साधे गणित केले असते, तर ती वेळच आली नसती.

ते गणित असे. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवून दिले की, तापमान कायम असेल तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. दाब दुप्पट केला की जागा निम्मी लागते. आपल्याकडे 'बी' प्रकारचे सिलिंडर सर्रास वापरतात. त्यात पाणी भरले तर सुमारे १० लिटर मावेल. त्यात प्राणवायू दाबून भरतात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो इतक्या दाबाने. म्हणजे बाहेर सोडल्यावर तो १० गुणिले १५०, असा साधारण १५०० लिटर भरतो. काटा ७५ वर असेल तर ७५० लिटर उरले. मिनिटाला १० लिटर सोडत असाल तर ते ७५ मिनिटांत संपणार. त्या रात्री आम्हाला दोन तासांहून अधिक वेळ लागला. सिलिंडर केजच्या पुढे संपले यात नवल काय?

'निम्मे' हा शब्दच आम्हाला नडला. निम्मे म्हणजे किती मिनिटे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

यातून लक्षात ठेवायला एक सोपी खूण निघते. १० लिटरचे सिलिंडर आणि मिनिटाला १० लिटरचा प्रवाह असेल, तर काट्यावर जेवढा आकडा, तेवढीच मिनिटे. काटा १०० वर, तर १०० मिनिटे. प्रवाह ५ लिटर असेल तर दुप्पट मिनिटे. प्रवाह १५ लिटर असेल तर दोन तृतीयांश. शेवटचे २० आकडे हिशेबात धरायचेच नाहीत, ते अडीअडचणीसाठी. आमच्या त्या चालकाने पुढे हे कोष्टक जीपच्या दारावर आतल्या बाजूने रंगाने लिहून घेतले होते.

उन्हाचाही विचार हवा. सावलीत २७ अंशांवर असलेले सिलिंडर मे महिन्याच्या उन्हात ४७ अंशांपर्यंत तापले, तर दाब सुमारे सात टक्क्यांनी चढतो. १५० चा काटा १६० दाखवतो. आतला वायू एका थेंबानेही वाढलेला नसतो.

एक इशारा इथेच देतो. प्राणवायूच्या सिलिंडरच्या तोंडाला, पान्याला किंवा गेजला तेल, ग्रीस लावू नये. चावी घट्ट झाली म्हणून लोक तेल सोडतात. दाबाखालचा प्राणवायू आणि तेल एकत्र आले की आग लागते.

त्याच काट्याचे दुसरे रूप

ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याच्या यंत्राला आम्ही 'बॉईल मशीन' म्हणतो. विद्यार्थ्यांना वाटते की हाच तो नियमवाला बॉईल. तसे नाही. यंत्राचे नाव हेन्री बॉईल या लंडनच्या भूलतज्ज्ञावरून पडले. त्यांचे यंत्र १९१७ सालचे.

या यंत्रावर काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे प्राणवायूचे सिलिंडर आणि निळे नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर शेजारी शेजारी बसवण्याची पद्धत आपण वर्षानुवर्षे पाहिली. दोन्हींवर सारखाच काटा. पण दोघांची भाषा निरनिराळी.

प्राणवायू उणे ११८ अंशांच्या वरच्या तापमानाला कितीही दाबला तरी त्याचे पाणी होत नाही. म्हणून सिलिंडरमध्ये तो वायूच असतो, आणि जसजसा खर्च होतो तसतसा काटा उतरतो. नायट्रस ऑक्साइडचे तसे नाही. त्याची ही मर्यादा साडेछत्तीस अंशांच्या आसपास आहे. थंड खोलीत सिलिंडरमध्ये त्याचा द्रव असतो आणि वर वाफ असते. वाफ वापरली की द्रवातून नवी वाफ तयार होते, आणि काटा जवळपास जागच्या जागी राहतो. द्रव पार संपेपर्यंत काटा 'भरलेले' म्हणतो. मग एकाएकी कोसळतो. दुभती म्हैस रोज तेवढेच दूध देते म्हणून गोठ्यातला चारा किती उरला हे दुधाच्या भांड्यावरून कळत नाही, तसेच हे.

आता बीडचा मे महिना घ्या. पारा ४० च्या पुढे. वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर साडेछत्तीस अंशांच्या वर गेले की आत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. भरलेल्या सिलिंडरचा काटा सत्तरीच्या पुढे चढतो. म्हणूनच उष्ण देशांत हे सिलिंडर थंड देशांपेक्षा कमी भरतात. तिकडे पाण्याच्या वजनाच्या ७५ टक्के, तर उष्ण प्रदेशात ६७ टक्के.

मग शिल्लक कळायची कशी? वजन करून. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. ते वजा करावे. उरलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५४० लिटर वायू धरावा. इतके साधे उत्तर आहे, पण काट्याकडे पाहणाऱ्याला तराजू आठवत नाही.

दुसरा काटा : बोटावरचा

ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. बोटातून दोन प्रकारचे प्रकाश सोडतात, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात येणारे ताजे रक्त तेवढे हिशेबात धरून यंत्र टक्का काढते. यंत्र उत्तम आहे. त्याने जगभर असंख्य जीव वाचवले आहेत. पण तेही एकच गोष्ट सांगते.

आमच्या फाट्यावर उसाच्या गाड्या जातात. नाक्यावर उभा राहिलेला माणूस म्हणाला, "शंभरातल्या ९९ गाड्या भरलेल्या आहेत," तर कारखान्याला किती ऊस पोहोचला हे कळेल काय? गाड्या मुळात किती, हे कळल्याशिवाय नाही. ऑक्सिमीटर हा तो नाक्यावरचा माणूस. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई आणि हिमोग्लोबिन ६ असलेली बाई, दोघींच्या बोटावर तो ९९ दाखवील. पण पहिलीच्या शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनवर सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू आहे, दुसरीच्या रक्तात सुमारे ८. निम्मा! बाळंतपणात दोघींना सारखाच रक्तस्राव झाला, तर दुसरी आधी संकटात येईल. "ऑक्सिजन ९९ आहे, मग रक्ताची तपासणी कशाला?" असे विचारणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे.

बोटावरचा काटा श्वास मोजत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. प्राणवायूचा मास्क लावलेला आणि गुंगीचे औषध दिलेला रुग्ण मिनिटाला सहाच श्वास घेत असेल, तरी काटा बराच वेळ ९८ दाखवू शकतो. तोवर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, पडद्याकडे नंतर बघा, आधी छातीकडे बघा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा.

हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेला माणूस गुदमरलेल्या अवस्थेत सापडतो. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. साध्या ऑक्सिमीटरला त्यातला आणि प्राणवायूतला फरक कळत नाही. तो ९८ दाखवतो आणि रुग्ण मरणाच्या दारात असतो. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. खोलीची दारे-खिडक्या उघडावीत, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणून तातडीने दवाखाना गाठावा.

आता ९४ आणि ९० मधला फरक पाहू. विद्यार्थी म्हणतात, "सर, चारच टक्के तर उतरले!" मी त्यांना आमचा घाट आठवायला सांगतो. मांजरसुंब्याच्या माथ्यावर रस्ता बराच अंतर सपाट जातो. मग एकदम उतार सुरू होतो. रक्तातल्या प्राणवायूचा आलेखही तसाच आहे. रक्तातला प्राणवायूचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरपर्यंत घसरला, तरी बोटावरचा काटा ९८ वरून जेमतेम ९० वर येतो. हा झाला माथ्यावरचा सपाट रस्ता. ९० च्या खाली घाट लागतो. मग दाब थोडा जरी उतरला तरी टक्का भराभर खाली येतो. त्यात बोटावरचा आकडा प्रत्यक्षाच्या मागे असतो, कधी अर्धा मिनिट, हातपाय गार असतील तर त्याहून जास्त. म्हणजे काट्यावर ९० दिसेपर्यंत गाडी घाटात शिरलेली असते. ब्रेक माथ्यावरच लावायचा असतो.

तिसरा काटा : शून्याचा

तिसरा काटा कोणत्याही यंत्रावर नसतो. तो असतो आपल्या बोलण्यात. "डॉक्टर, तुमच्या हातून भूल देताना कधी कोणी दगावले आहे का?" असे लोक विचारतात. "नाही" म्हटले की निश्चिंत होतात. या शून्याचा अर्थ काय?

त्यासाठी आपल्याच इतिहासात डोकावू. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग बसले. भूलशास्त्राच्या जागतिक इतिहासात 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' म्हणून त्यांचे नाव आहे. खर्च निजाम मीर महबूब अली खान यांचा होता. पुढाकार एडवर्ड लॉरी या रेसिडेन्सी सर्जनचा. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन या नामांकित डॉक्टरांना पाठवले; त्यासाठी निजामाने एक हजार पौंड दिले होते. हैदराबादच्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांनी त्या काळात क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

प्रश्न असा होता. १८४८ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म देताच दगावली होती. पुढेही असे मृत्यू होत राहिले. आधी हृदय थांबते की श्वास? लॉरी म्हणत, श्वास. श्वासावर नीट लक्ष ठेवले तर मृत्यू येणारच नाही. हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिले आणि एकही दगावला नाही, असा त्यांचा दावा होता. आयोगाने शेकडो जनावरांवर प्रयोग केले आणि लॉरींच्या बाजूने कौल दिला.

पण निकाल अपुरा निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, भीतीने किंवा इंजेक्शनने ॲड्रिनलिन वाढले, तर हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते, श्वासाच्या आधी. आम्हा मांजरसुंबेकरांना मांजरांचा हा उपकार लक्षात ठेवायला सोपा जातो! हैदराबादेत मुख्यतः भूल खोल करत नेऊन काय होते ते पाहिले गेले. धोका दडला होता हलक्या भुलेत. प्रयोगांची संख्या मोठी होती, पण प्रश्न दुसराच विचारला होता. संख्याशास्त्राचा पहिला धडा हाच. हजार वेळा चुकीच्या जागी पाहिले तर चूक हजार पटींनी पक्की होते.

दुसरा धडा शून्याचा. त्यासाठी 'तिनाचा नियम' आहे. शंभर रुग्णांत एकही वाईट घटना घडली नाही, तर तीनाला शंभराने भागा. खरा धोका शंभरात तीनपर्यंत असू शकतो, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीनशे रुग्णांत शून्य, तर शंभरात एकपर्यंत. तीन हजारांत शून्य, तर हजारात एकपर्यंत. 'या वळणावर माझी गाडी कधी घसरली नाही' म्हणणारा चालक खरेच बोलत असतो. पण वळण सुरक्षित आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणूनच "आजवर काही झाले नाही" हे आम्ही यंत्र न तपासण्याचे कारण मानत नाही. दर रुग्णाआधी सिलिंडर उघडून पाहायचे, जादा सिलिंडर भरलेले आहे ना ते पाहायचे, नळ्या जागच्या जागी आहेत ना, सक्शन चालते ना, हाताने दाबायची पिशवी उशाशी आहे ना, ते पाहायचे. रोज तेच. कंटाळा आला तरी तेच.

घरचा अभ्यास

विद्यार्थ्यांनी आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मित्रांनी पुढील गणिते सोडवावीत.

१) १० लिटरचे सिलिंडर, काटा १२० वर, प्रवाह मिनिटाला ८ लिटर. शेवटचे २० राखून किती मिनिटे मिळतील? (१०० गुणिले १० म्हणजे १००० लिटर; भागिले ८; उत्तर १२५ मिनिटे.)

२) नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरचे वजन कोरलेल्या वजनापेक्षा दीड किलो जास्त भरले. किती वायू शिल्लक? (सुमारे ८१० लिटर.)

३) एका ठिकाणी ६०० शस्त्रक्रियांत भुलेमुळे एकही मृत्यू नाही. धोका जास्तीत जास्त किती असू शकेल? (तीन भागिले ६००; म्हणजे दोनशेत एकपर्यंत.)

वाचकांनी एवढे करावे. रुग्ण हलवताना "सिलिंडर भरलेले आहे का?" असे विचारू नये, "किती मिनिटे पुरेल, आणि रस्ता किती मिनिटांचा आहे?" असे विचारावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते; तिच्यातही हा प्रश्न विचारायला संकोच नको. घरी ऑक्सिमीटर लावताना रुग्णाचा हात ऊबदार असावा, नखांवर रंग नसावा, आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा. आकडा चांगला असूनही रुग्णाला धाप लागत असेल, तो बडबडत असेल किंवा अतिझोपेत जात असेल, तर आकड्यावर नव्हे, रुग्णावर विश्वास ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ भेटायला येतील, तेव्हा आधीचे आजार, चालू औषधे, दम, घोरणे, हलणारे दात, शेवटचे खाणेपिणे हे सर्व न लपवता सांगावे. आमचे काटे बरेच काही सांगतात. पण या गोष्टी सांगणारा काटा अजून निघालेला नाही. त्या तुम्हीच सांगायच्या असतात.